फुगा वरच होता

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवापुढं उभा राहतो तेव्हासुद्धा नाही — तिथंही मी पोरांच्या नोकरीचं काहीतरी मागतो अन् हात जोडून परत येतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीचा माणूस मधेच म्हणेल, "जाऊ द्या ना भाऊ, तुमचा काय दोष?" — अन् खरं सांगू, मला तेच ऐकायचं असतं. म्हणून ओळखीच्या माणसाला सांगायची सोयच नाही.

कुठून सुरू करू? धंद्यापासूनच करतो. धंद्याबद्दल बोलायला लागलो की माझी जीभ सैल सुटते. पहिल्यापासूनच मी बडबड्या माणूस.

मी कारंज्याचा. माझा धंदा आभाळात लिहिण्याचा. हसू नका, आमच्याकडं लोक तसंच म्हणतात — "प्रकाशभाऊ आभाळात लिहितो." विमानानं धूर सोडून अक्षरं काढतात ते मी मोबाईलवर पाहिलंय, पण ते आपल्या वाशिम जिल्ह्यात कोण करणार बाप्पा! आमचं साधं काम. माणसापेक्षा दुपटीनं उंच असा गोल फुगा, त्यात गॅस, खाली लांब दोर, दोराला चरखी. फुग्याच्या पोटावर कापडाचा पट्टा अन् पट्ट्यावर पांढऱ्या रेक्झिनची अक्षरं. नवं दुकान उघडलं, फुगा. पुढाऱ्याचा वाढदिवस, फुगा. शिकवणीच्या वर्गाचा निकाल लागला, फुगा. लग्नं तर विचारूच नका. आभाळात लिहायचं म्हणजे कमी लिहावं लागतं, जास्तीची जागा नसते. लोकांना मात्र अख्खी पत्रिका वर चढवायची असते — मामाचं नाव टाका, काकाचं टाका, "समस्त परिवार" टाका. मी म्हणायचो, काका रागावला तर रागावू द्या, वारा रागावला तर फुगा जाईल.

अक्षरं मी स्वतः कापायचो. ती पट्ट्याला चिकटपट्टीनं बसायची — बुटाला असते ना, कर्र करून निघते, तशी. ही युक्ती माझीच. तिच्यामुळं एकच फुगा सकाळी बियाण्याची जाहिरात करायचा अन् दुपारी नवरदेव-नवरीचं नाव दाखवायचा. ह्या युक्तीचा मला फार गर्व होता. माझ्याकडं फुगा एकच, हे गिऱ्हाइकांना कळू द्यायचं नाही, ह्यातच माझी सगळी हुशारी. गॅसची बाजू अनिसभाई सांभाळायचा. तो आधी वेल्डिंगच्या दुकानात होता, सिलिंडरला हात लावायची अक्कल त्याला होती, मला नव्हती. आम्ही दोघं भागीदार. त्याच्याबद्दल पुढं सांगतो. त्याचं नाव मी माझं ओझं वाटून घ्यायला काढत नाहीये, एवढं आधीच ऐकून ठेवा.

आता पोहरादेवीचं, बंजारा लोकांच्या मोठ्या तीर्थाचं. रामनवमीला तिथं किती माणूस लोटतं, ते पाहिल्याशिवाय कळत नाही. तांड्या-तांड्यांतून, तेलंगणातून, कर्नाटकातून — ट्रक, ट्रॅक्टर, एसट्या, पायी. अख्खं शेत-शिवार माणसांनी भरून जातं. अन् इतक्या गर्दीत माणसं एकमेकांना हरवायचीच. भोंग्यावर दिवसभर नावं चालू. मोबाईल असला तरी लागत नाही, कारण सगळे एकदमच लावतात. मग लोकांनी आपलं-आपलं शोधून काढलं होतं. आमच्या फुग्यावर एका बियाण्याच्या कंपनीची जाहिरात असायची, फुगा लालभडक. यात्रेत कुठंही उभे राहा, मान वर केली की दिसायचा. आया पोरांना सांगायच्या, म्हातारे म्हाताऱ्यांना सांगायचे — हरवलास तर लाल फुग्याखाली येजो. माझ्या चरखीजवळ सदा आठ-दहा माणसं वाट पाहत बसलेली. कोणी रडून राह्यलं, कोणी शिव्या देऊन राह्यलं, अन् मग ज्याची वाट पाहत होते तो दिसला की दोघं मिळून भांडायचे. मला ते फार आवडायचं. मी त्यांना पाणी द्यायचो. फुगा कंपनीचा नाही, आपणच लोकांसाठी वर लावलाय, असं वाटायचं मला. एवढी हवा माझ्या डोक्यात.

तर असंच एका रामनवमीला सकाळी एक बाई माझ्याकडं आली. सुमन तिचं नाव, हे मला नंतर कळलं. एका लांबच्या तांड्यावरची. ऊसतोडीवरून नुकती परत आलेली, हात असे फाटलेले. कडेवर दीड-दोन वर्षांची पोरगी, तापातून उठलेली. पोरीसाठीच नवस बोलली होती. सोबत सासू. सासूला सगळा तांडा याडी म्हणायचा, त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. फेट्या म्हणजे घेरदार घागरा, आरशाची चोळी, हातभर पांढऱ्या बांगड्या, बलोये. याडीला मराठी फारसं यायचं नाही अन् डोळ्यांनी धड दिसायचं नाही. माणसाचा चेहरा ओळखू यायचा नाही, पण मोठी वस्तू, भडक रंगाची, दिसायची. दर्शनाची रांग टिनाच्या मांडवातून जात होती, आत उकाडा, पाच-सहा तास सहज. याडीला त्या रांगेत उभं करणं शक्य नव्हतं. म्हणून सुमननं तिला आपल्या तांड्याच्या बायांजवळ लिंबाखाली बसवलं होतं.

अन् ती माझ्याकडं खात्री करायला आली. शहाणी बाई. वर बोट करून म्हणाली, "भाऊ, हा फुगा कुठवर राहीन? मी सासूले सांगतलं, बाया उठून गेल्या त या फुग्याखाली येऊन बसजो. थिले थोच दिसते."

मी काय म्हणालो? मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "दिवे लागेलोक राहीन, माय. मी कुठी जातो? पाठव बिनघोर. म्हातारीले मी चहा पाजतो."

ती हसली. मग लिंबाखाली गेली, याडीचा हात धरून तिला थोडं पुढं घेऊन आली, तिची हनुवटी धरून मान वर केली अन् फुगा दाखवला. याडीनं डोळ्यांवर हात धरला अन् मान हलवली. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सुमननं तिला सांगितलं होतं. नीट सांगितलं होतं — हे तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढं हे कोणीच लक्षात ठेवलं नाही.

दुपारी मला मानोऱ्यावरून फोन आला. एका पुढाऱ्याचा वाढदिवस. ज्याचा फुगा सांगितला होता त्यानं ऐन वेळी दगा दिला, प्रकाशभाऊ, तुम्हीच वाचवा. मी हो म्हणालो. कंपनीशी ठरलं होतं की यात्रेभर फुगा खाली येणार नाही, पण कंपनीचा माणूस संध्याकाळी फोटो काढायला यायचा, त्याआधी परत आणू — दोन-तीन तासांचा तर प्रश्न. पैशाचं होतं का? होतं, पण सगळं तेवढंच नव्हतं. पुढाऱ्याच्या माणसानं मला "तुम्हीच वाचवा" म्हटलं ना — तेवढ्यानंच मी फुगलो.

अनिसभाई म्हणाला, "अरे, त्या बाईले तू काय सांगतलं सकाळी?"

मी म्हणालो, "म्हातारी बसली हाय लिंबाखाली बायांजवळ. तिले कायले फुगा लागते? चाल, उशीर होऊन राह्यला."

तो म्हणाला, "एक जण तरी येथी थांबू. आलीच त बसवून घेऊ." मी म्हणालो, एकट्यानं फुगा तिकडं कसा लावायचा, दोघं पाहिजेत. खोटं नव्हतं ते, दोघं लागतातच. पण त्या लिंबापर्यंत जाऊन बायांना सांगून येणं — किती वेळाचं काम होतं? मी गेलो नाही. मला ते आठवलंच नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. आठवलं होतं. अनिसभाईनं आठवण करून दिली होती, अन् मला त्याचाच राग आला होता.

गॅस वाया जाऊ नये म्हणून आम्ही फुगा रिकामा केला नाही. तसाच खाली ओढला, टेम्पोच्या हौद्यात बुडाशी बांधला अन् निघालो. हळूहळू. तारांखालून जाताना मी हौद्यात उभा राहून फुगा दाबून धरायचो, तार गेली की सोडायचो. मोकळ्या रस्त्यावर तो टेम्पोच्या वर डुलत होता. एवढा मोठा लाल गोळा मानोऱ्याच्या रस्त्यानं चाललेला. पोरं मागं धावली थोडा वेळ. मी त्यांना हात करत होतो.

तुम्हाला आता कळलं असेल. मला तेव्हा कळलं नाही.

मानोऱ्यात फुगा चढवला, शुभेच्छा झळकल्या, फटाके फुटले, पुढाऱ्यानं मान वर करून पाहिलं अन् मला नमस्कार केला. मी धन्य झालो. परत येताना अनिसभाई म्हणाला, जाताना तार लागता लागता राहिली, मी आता भरलेला फुगा नेत नाही. म्हणून गॅस सोडला, फुगा घडी घालून ताडपत्रीखाली ठेवला, अन् त्याच रस्त्यानं आम्ही परत आलो. त्याच रस्त्यानं. मी केबिनमध्ये बसून वाढदिवसाचा पेढा खात होतो. रस्त्याच्या कडेला कोण होतं, कोण नव्हतं, मी पाहिलं नाही.

यात्रेत येऊन पुन्हा फुगा भरला, बियाण्याची अक्षरं लावली, वर सोडला. कंपनीचा माणूस आला, फोटो काढून गेला. सगळं निभावलं. अनिसभाई रिकामे सिलिंडर घेऊन कारंज्याला गेला. मी एकटा चरखीजवळ बसलो होतो, अन् दिवे लागायच्या वेळी सुमन आली.

ती दर्शन घेऊन आली होती. पोरगी खांद्यावर झोपलेली. मांडवातून बाहेर निघाली तेव्हा फुगा तिला जागच्या जागी दिसला — तो मधल्या वेळात तिथं नव्हता हे तिला कसं कळणार? तिनं माझ्याभोवती बसलेल्या माणसांत शोधलं, मग चरखीमागं शोधलं. मग मला विचारलं, "भाऊ, माही सासू आली नाही काय?"

मी म्हणालो, नाही आली.

ती लिंबाकडं पळाली. तिथल्या बाया म्हणाल्या, आम्ही दुपारीच महाप्रसादाला गेलो, याडी उठली, म्हणाली मी जाते, आम्ही म्हटलं जा. सुमन परत आली. सोबत आता तिचा नवरा होता, दीर होता, तांड्याचे चार लोक होते. नवरा तापलेला. तो सुमनवर ओरडत होता की तू आईला सोडून गेलीच कशी, तू तिला काही सांगितलंच नसेल, तुला ती जडच झाली होती. ती एकच म्हणत होती, "सांगतलं होतं वो, फुगा दाखवला होता, या भाऊलेच विचारा." अन् मग तो माझ्याकडं वळला.

"भाऊ, तुमी सांगा. फुगा दिवसभर वर होता का नाही?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. दुपारी ते मांडवात नाहीतर महाप्रसादाच्या पंगतीत होते, अन् चरखीजवळची दुपारची माणसं केव्हाच पांगली होती. एक शब्द सांगायचा होता. नव्हता, भाऊ. दुपारी नव्हता. मी नेला होता, मानोऱ्याच्या रस्त्यानं. एवढंच. मार बसला असता. कंपनीचं काम गेलं असतं. माझी ती हुशारी — एक फुगा, दोन गिऱ्हाइकं — सगळ्या जिल्ह्यात कळली असती. बस, एवढंच झालं असतं!

मी म्हणालो, "वरच होता. मी येथून हाललोच नाही."

सुमननं माझ्याकडं पाहिलं. संशयानं नाही — संशयानं पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं माझं खरं मानलं. तिचा चेहरा असा झाला की आता आपलंच काहीतरी चुकलं. फुगा होता, म्हणजे याडीनं पाहिला, म्हणजे याडीला कळलं नाही, म्हणजे आपण तिला नीट सांगितलं नाही. हे सगळं तिच्या तोंडावरून सरकताना मला दिसलं.

पण थांबा. हा माझा गुन्हा नाही. म्हणजे आहे, पण एवढाच असता तर मी कदाचित इतकी वर्षं गप्प बसलो नसतो. तोंडातून निसटलं, घाबरलो, असं म्हणता आलं असतं. खरं सांगायचं ते पुढं आहे, अन् मी मघापासून त्याच्याभोवती चकरा मारतोय.

रात्रभर त्यांनी यात्रा पालथी घातली. सकाळी एक टरबूजवाला आला. तो मानोऱ्याच्या रस्त्यावर, यात्रेपासून बरंच दूर, ढीग लावून बसायचा. तो म्हणाला, काल ऐन उन्हात मी ढिगामागं झोपून उठलो, अन् एक बंजाऱ्याची म्हातारी एकटीच माझ्यापुढून गेली. पाणी मागितलं, मी दिलं. मी विचारलं, कुठी चालली, माय? तर तिनं रस्त्याच्या पुढं, वर आभाळाकडं बोट दाखवलं अन् तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मला वाटलं देवाचं काही म्हणत असेल. अन् ती तशीच, मान वर करून, पुढं चालत गेली.

नवरा, दीर, सगळे माझ्या चरखीजवळच उभे होते. तो दीर म्हणाला, मानोऱ्याच्या रस्त्यानं ती कशाला जाईल? आपला फुगा तर इथं होता. नवऱ्यालाही पटत नव्हतं. यात्रेत अशा फेट्यावाल्या म्हाताऱ्या हजारो. गाडी एकच होती त्यांच्याकडं, ती एकतर दिग्रसच्या बाजूला न्यायची, जिथं म्हातारीचं माहेर होतं, नाहीतर मानोऱ्याच्या. त्यानं मला विचारलं — मी दिवसभर तिथं होतो ना, म्हणून मला — "भाऊ, तुमाले काय वाटते? तिकडं जाईन का थे?"

मला माहीत होतं.

जगात मला एकट्याला माहीत होतं. ती लिंबाखालून उठली, तिनं मान वर केली, अन् तिला फुगा दिसला — चाललेला. सुनेनं सांगितलं होतं फुग्याखाली येऊन बस. फुगा चालला, म्हणून ती चालली. ती चुकली नव्हती हो! सांगितलं ते तिनं तंतोतंत केलं. टरबूजवाल्याला ती काय म्हणाली असेल? फुगा कुठं गेला, हेच विचारलं असेल, दुसरं काय?

तेव्हा सकाळची वेळ होती. ऊन अजून चढलं नव्हतं. एका रात्रीत माणूस मरत नाही. गाडी तिकडं गेली असती तर—

मी म्हणालो, "नाही हो. तिकडं कायले जाईन? दुसरीच कोणी असन."

हे ते. हे मी कोणाला सांगितलं नाही.

गाडी दिग्रसच्या बाजूला गेली.

अनिसभाई दुपारी आला. टरबूजवाल्याचं ऐकलं अन् त्याचा चेहरा उतरला. त्यालाही कळलं, रस्ता तोच होता. तो म्हणाला, "आत्ताच्या आत्ता जाऊन सांग. नाही त मी सांगतो." मी त्याच्या हाताला धरून त्याला टेम्पोमागं नेलं अन् माझ्या पोरांची शपथ घातली. रडलो. म्हणालो, आपण दोघंच जाऊ टेम्पो घेऊन, शोधू, कोणाला सांगायची काय गरज? अन् गेलोही. अंधार पडेपर्यंत फिरलो, हाका मारल्या. दोन माणसं किती शिवार पाहणार! तांडा आला असता तर शंभर माणसं पसरली असती. पण तांड्याला सांगायचं म्हणजे तिकडंच का शोधायचं, हेही सांगावं लागलं असतं. अनिसभाईनं त्या यात्रेनंतर माझ्यासोबत काम केलं नाही, गॅसला मी दुसरा माणूस ठेवला. आता कारंज्यात त्याचं गादीचं दुकान आहे. रस्त्यात भेटला तर सलाम करतो, थांबत नाही. त्याची जीभ मी बांधली, त्याचा त्यात काही दोष नाही.

याडी काही दिवसांनी सापडली. गुराख्याला. रस्त्यापासून थोडं आत, एका कोरड्या नाल्याच्या काठावर, पळसाखाली. सावलीला बसली असावी. टरबूजवाल्याच्या जागेपासून ते फार दूर नव्हतं.

मी तिच्या मातीला गेलो. हो, गेलो! लोक म्हणाले, पाहा, फुगेवाला भाऊ किती चांगला माणूस, धंदा सोडून शोधत होता. एकानं मला पाणी आणून दिलं. सुमन एका कोपऱ्यात बसली होती अन् तिच्याजवळ कोणी बसलं नव्हतं. म्हातारी मानोऱ्याच्या रस्त्याला सापडली — म्हणजे फुग्याच्या उलट बाजूला. मग सरळच झालं ना सगळ्यांना! सुनेनं फुग्याचं सांगितलंच नव्हतं. सुनेनं मुद्दाम तिला भलत्या रस्त्याला लावून दिलं. फुगा तर दिवसभर वर होता, फुगेवाला खोटं कशाला बोलेल? माझा शब्द त्या बाईच्या गळ्यात धोंड्यासारखा बांधला गेला. अन् मी तिथं उभा होतो. लाकडं मांडताना, पाणी फिरवताना.

नवऱ्यानं तिला महिनाभरात माहेरी घालवलं. पुढं त्यानं दुसरं लग्न केलं. त्या लग्नाला फुगा सांगायला त्याचा भाऊ माझ्याचकडं आला होता. मी नाही म्हणालो, गॅस नाही म्हणालो. तेवढंच माझं शौर्य.

सुमन दरवर्षी रामनवमीला यायची. मी वाट पाहायचो, अन् ती येऊ नये म्हणून नवसही बोलायचो. ती यायची, पोरीला घेऊन, अन् चरखीपासून थोडं लांब बसायची. कधी भाकर-ठेचा आणायची, माझ्या पुढ्यात ठेवायची. अन् निघताना दर वेळी तेच विचारायची, हळूच, कोणी ऐकू नये अशा बेतानं — "भाऊ, थ्या दिवशी फुगा वर होता ना? मधात खाली त नव्हता आला?" तिला काय वाटत असेल? तिला स्वतःचं बोलणं आठवत होतं. याडीची हनुवटी धरून वर केलेली आठवत होती. तिचं तिला माहीत होतं की आपण सांगितलं. पण त्याविरुद्ध माझा शब्द होता, अन् ती माझ्या शब्दावर स्वतःची आठवण तपासून पाहत होती. दरवर्षी. मी एकदा जरी म्हणालो असतो की आला होता, माय, खाली आला होता—

दर वेळी मी म्हणालो, "वरच होता."

का? हे मला विचारू नका. पहिल्या वर्षी मार खायची भीती होती, दुसऱ्या वर्षी अब्रूची. नंतर तर कसलीच भीती नव्हती — कंपनी बंद झाली होती, ते काम कधीच गेलं होतं, फुग्यावर दुसऱ्याच जाहिराती लागायच्या, तो पुढारी आपटला होता. तरी मी तेच म्हणालो. सवयीनं म्हणालो. अन् त्या भाकरीचा घास घेताना मला ठसका लागायचा, तर ती उठून मला पाणी द्यायची.

पोरगी आता तिच्या खांद्याला लागते. दहावी झाली. सुमन अजून तोडीला जाते, दुसऱ्यांच्या टोळीत, कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागते, तिला जोडीदार नाही म्हणून मिळेल ते काम करते. केस पांढरे झाले. माझ्यापेक्षा कितीतरी लहान आहे ती, पण दिसत नाही.

यंदाच्या रामनवमीला ती आली. मी चरखीवर हात ठेवून उभा होतो, फुगा वर होता. ह्या वेळी ती बसली नाही अन् विचारलंही नाही. माझ्यासमोर उभी राहिली, पोरीला जवळ ओढलं, अन् म्हणाली, "भाऊ, आता मी नाही येत पुढच्या साली. इतके वर्स माह्या मनात येक खोट होती. मले वाटे, मी त बरोबर सांगतलं होतं, दुसऱ्या कोनाचं काही चुकलं असन. तुमच्याबद्दलबी वाटे, मी खोटं नाही बोलत. पन तुमी दर साली येकच सांगतलं. मंग मी मान्य केलं. मीच चुकली. माह्याच हातून गेली याडी. आता कोनाच्या नावानं बोटं मोडत नाही, झोप लागते मले. तुमचे उपकार हायेत, भाऊ."

ती वाकली. पोरीलाही म्हणाली, "पाया पड मामाच्या."

मी पाय मागं घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग पोरीच्या डोक्यावर ठेवला, अन् म्हणालो, "सुखी राह्य, माय."